न उतरलेले बोल

सोमवारी सकाळी पोपट भाजीवाल्याची हातगाडी दारात आली आणि गाडीवरच्या लाल माठाच्या जुड्यांमधून लक्ष्मीला आपलाच आवाज ऐकू आला.

आधी तिला कळलंच नाही. कुणी बाई गातेय, एवढंच वाटलं. गळा थोडा बसलेला, श्वास ओळीच्या टोकाला तुटणारा. मग शब्द कानात शिरले आणि मेथीची जुडी हातातच राहिली.

मामा आयला गो, मामा आयला,
पांढऱ्या गारीन बसून आयला.
नांगर इकला, मीठ इकला,
आता खाडीचा पानी इकला!

पोपटने जुड्यांना टेकवून ठेवलेला मोबाईल उचलला. "काय आजी, फेमस झालात! सकाळपासून चार बिल्डिंगा फिरलो, चारी ठिकाणी तुमचंच गाणं."

"तुला कुनी दिला ह्यो?"

"दिला कशाला पायजे? सगळ्यांकडेच आलाय." त्याचं हसू हळूहळू आटलं. आवाज खाली आला. "आजी, खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"काय लिवलंय?"

पोपटने तिच्या हातातली जुडी घेतली. मेथी पिशवीत टाकली, वर कोथिंबिरीची मोठी मूठ टाकली. एरवी दोन काड्यांसाठी घासाघीस करणारा माणूस! मग गाडी ढकलत तो निघाला. गल्लीच्या टोकापर्यंत त्याने एकदाही भाजीची आरोळी दिली नाही. लक्ष्मी ओट्यावर उभी राहून ती आरोळी ऐकायची वाट बघत राहिली.

लक्ष्मी धवलारीण होती, लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी. मोहन्याच्या अलीकडे, जिथून जुन्या रेयॉन कारखान्याची चिमणी दिसते, त्या गावठाणात तिचं घर. सभोवती वीस-वीस मजली टॉवर उभे राहिले, तरी आगरी माणसाच्या लग्नाला भटजीच्या आधी धवलारीण लागते. ती गाते तेव्हा देव मांडवात येतात, ती गाते तेव्हा उंबराची फांदी रोवली जाते, तांदूळ धुतले जातात, नवरीच्या अंगाला हळद लागते. चाळीस वर्षं तिने हे केलं. सासूने, रखमाबाईने, चुलीपुढे बसवून एकेक धवला तिच्या तोंडात घातला होता, मऊ भाताच्या घासासारखा.

हळदीच्या दिवशी नवऱ्याच्या मामाला गाल द्यायची. गाल म्हणजे शिवी, पण गाण्यातली. मामा जेवढा मोठा तेवढी गाल मोठी. ज्याला गाल मिळाली नाही तो मामा रुसून जेवणावरून उठतो. पण रखमाबाईने गालीबरोबर एक नेमही शिकवला होता. गाल दिली की त्याच मांडवात, हातावरची हळद ओली आहे तोवर, उतरायची. ज्याला दिली त्याचं नाव घ्यायचं, कपाळाला ओला हात लावायचा आणि उतरणी म्हणायची:

बोलले बोल ते वाऱ्याचे,
वारा जाव दे दर्याला.
दिली ती गाल हलदीची,
हलद जाव दे पान्याला.
रतन माजा पाठचा भाव,
दिस्ट लागू नको त्याला.

"उतरल्याबिगर मांडव सोडायचा नाय," रखमाबाई म्हणायची. "बोल अंगावर तसाच ऱ्हातो मंग."

गेल्या आठवड्यातल्या ज्या हळदीत ही गाल गायली, तिथल्या मामाचं नाव रतन होतं. रतनशेठ. कल्याणपासून पार खाडीपर्यंत ज्याच्या चेहऱ्याचे फलक लागतात, ज्याच्या वाढदिवसाला रस्ते बंद होतात, तो रतनशेठ. डोंबिवलीकडच्या मैदानात घातलेल्या मांडवात तो पाटावर बसला होता, तोंडाला हळद, गळ्यात चार बोटं जाड सोन्याची साखळी. लक्ष्मीने जुनी गाल काढली. नांगर इकला, मीठ इकला. शेठ खदखदून हसला. "अजून, माय, अजून!" चाळीस वर्षं गाणारी ती; माणूस बघून शब्द बेतायची तिला खोड. खाडीत भराव टाकून शेठने जमीन विकली, ते सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. शब्द आपसूक ओठांवर आला. आता खाडीचा पानी इकला! बायकांनी टाळ्या पिटल्या. शेठच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

मग तिने ओला हात त्याच्या कपाळाला लावला आणि उतरणी म्हटली. एवढा मोठा माणूस, पण त्याने लहान मुलासारखे डोळे मिटून घेतले होते.

हे सगळं लक्ष्मीच्या नातीने, अक्षदाने, मोबाईलवर घेतलं होतं.

"चार मिनिटांचा व्हिडिओ होता गं आजी," अक्षदा म्हणाली. सोमवारची दुपार होती. पोरगी कॉटच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कल्याणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती ती. "चार मिनिटं कोण बघतं? म्हणून मी मधलंच घेतलं. गाल तेवढी. वर लिहिलं, माझी आजी एक नंबर."

"आन शेठ हसला ते?"

"ते कट केलं."

"उतरणी?"

अक्षदाने मान खाली घातली. "उतरणीला कुणी थांबत नाही आजी. लोक लगेच पुढे जातात."

लक्ष्मीने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला रागवायचं होतं, पण हाताखालचं डोकं तापलेलं होतं.

पहिले तीन दिवस सगळं गोड होतं, अक्षदाने सांगितलं. लाल बदाम, टाळ्या, 'आजी तुमच्या पाया पडते' असले निरोप. दुबईहून कुणी लिहिलं, तुमचा आवाज ऐकून आई आठवली. मग शेठच्या विरोधातल्या कुणीतरी तेवढाच तुकडा उचलला आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'घरच्या मांडवातच कळलं, कोणी काय विकलं.' एका दिवसात तो तुकडा ठाण्यापासून बदलापूरपर्यंत गेला. आणि मग शेठची माणसं जागी झाली.

"वाच," लक्ष्मी म्हणाली.

"नको."

"वाच गो. माजंच गाना हाय ना?"

अक्षदाने दोनच वाचले. पहिला होता, 'म्हातारीची जीभ हासडा.' दुसरा तिने घाईघाईने वाचला. 'म्हातारीला सोडा. नात बघितली का? तिसरं वर्ष, बी-कॉम. सकाळची बॅच.' खाली तिच्या कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो होता. निळी साडी, केसांत अबोली. तो फोटो लक्ष्मीनेच काढवून घेतला होता. त्या फोटोखाली एकशे चाळीस जणांनी हसरी तोंडं चिकटवली होती.

"ही कोन मानसं?"

"नावं नाहीत आजी. कुणाचं नाव किंग, कुणाचं वाघ, कुणाचा नुसता नंबर. फोटो सगळ्यांचा शेठचाच."

लक्ष्मीने त्या लहानशा काचेवर बोट ठेवलं. एका खाली एक, एका खाली एक, रतनशेठचा तोच चेहरा, हात जोडून हसणारा, शंभरदा. बोट सरकवलं तर आणखी शंभर.

अक्षदाने आपला व्हिडिओ रविवारीच काढून टाकला होता. त्याने काही झालं नाही. तो आता तिचा राहिलाच नव्हता.

मंगळवारी दुपारी साईनाथ, लक्ष्मीचा मुलगा, पाळी अर्धी टाकून घरी आला. खोपटच्या डेपोत तो मेकॅनिक होता. बूट न काढताच आत आला, आणि त्याची बायको मंदाकिनी "अहो, बूट!" म्हणेपर्यंत त्याने मोबाईल सगळ्यांसमोर धरला.

"हा फोटो कधीचा?"

फोटो त्यांच्या दाराचा होता. तुळस, लाल प्लास्टिकची खुर्ची, दारावरचं सुकलेलं तोरण. वर लिहिलं होतं, 'पत्ता मिळाला.'

"जुना असंल," मंदाकिनी म्हणाली.

लक्ष्मीने चष्मा लावला. फोटोत दोरीवर तिचं हिरवं लुगडं वाळत होतं. ते तिने आज अकराला दोरीवर टाकलं होतं आणि एकला काढलं होतं. अकरा ते एक ती घरातच होती. तांदूळ निवडत. दार सताड उघडं होतं, आणि समोर, तुळशीच्या पलीकडे, पाच हातांवर कुणीतरी उभं राहून गेलं होतं.

"आजचा हाय," ती म्हणाली.

मंदाकिनीने उठून दार लावलं. गावठाणातलं ते दार दिवसाउजेडी कधी लागत नसे. बिजागरी करकरली, आणि शेजारच्या ओट्यावरच्या बायकांचं बोलणं थांबलं.

"तुला कोणी सांगितलेलं?" साईनाथ पोरीवर ओरडला. "नाचायचंय ते स्वतः नाच ना! आजीला कशाला बाजारात बसवलंस? डेपोत माझ्याशी कोण बोलत नाय. चहा आणतात, ठेवतात, जातात. म्हणे, साईनाथ, तू दोन दिवस रजा टाक."

"पप्पा, मला काय माहीत होतं..."

"गुरुवारी पेपर आहे ना तुझा? नाय जायचं."

"पप्पा! शेवटचा पेपर आहे. नाही दिला तर वर्ष जाईल."

"वर्ष जाऊ दे!" साईनाथचा आवाज फाटला. त्याला पुढचं बोलायचं नव्हतं, ते सगळ्यांना ऐकू आलं. वर्ष जाऊ दे, तू नको जाऊस.

पोलीस चौकीतही तो जाऊन आला होता. अर्ज घेतला, सही घेतली. साहेब चांगला होता, खुर्ची दिली. म्हणाला, यांना शोधायला महिना लागेल, आणि शोधून निघेल कोण, तर कुठल्या तरी गावातलं रिकामटेकडं पोरगं. त्यापेक्षा शेठला जाऊन भेटा. शेठच्या एका शब्दाने सगळं थांबेल.

हे वाक्य लक्ष्मीने घट्ट धरलं. शेठच्या एका शब्दाने थांबेल. कुणाच्या तरी हातात दोरी आहे, हे कळलं की भीतीलाही एक तोंड मिळतं. त्या तोंडापुढे हात जोडता येतात. त्याच संध्याकाळी निरोप आला. शेठचा मोबाईल, फलक, पेज वगैरे सांभाळणारा विकी म्हणून एक जण होता, त्याचा फोन. उद्या तीन वाजता बंगल्यावर या. आजींना आणा. साडी साधी नेसवा.

"साडी साधी कनाला?" लक्ष्मीने विचारलं.

मंदाकिनीने कपाटातून एक साधी साडी काढून ठेवली.

बंगला नव्या रस्त्याला होता. फाटकातून आत जाताना लक्ष्मीला आठवलं, इथे पूर्वी भाताची खाचरं होती आणि रतन चड्डीवर खेकडे पकडायचा. त्याची आई तिच्या हळदीच्या गाण्यांना साथ द्यायची. आता ती माडीवर अंथरुणात होती.

बैठकीच्या खोलीत एका खुर्चीसमोर तीन पायांची काठी उभी केली होती. काठीच्या माथ्यावर दिव्याचं गोल कडं, आणि कड्याच्या मध्ये मोबाईल. कड्याच्या उजेडात ती रिकामी खुर्ची पांढरीफटक दिसत होती. खुर्चीवर एक कागद.

"बस माय," रतनशेठ म्हणाला. त्याने उठून तिच्या पायांना हात लावला आणि लगेच दाराकडे बघितलं, कुणी बघितलं का म्हणून.

लक्ष्मी त्या खुर्चीत बसली नाही. जमिनीवर बसली. साईनाथ दाराशी उभा राहिला.

"रतन, तू हसलास रं. मांडवान तू हसलास."

"हसलो ना."

"'अजून माय, अजून' बोललास."

"बोललो. नाय कुठे बोलतो?" शेठने कपाळ चोळलं. "मांडवात हसलो, माय. मोबाईलमध्ये कसा हसू? तिथे माझी पोरं बघतात. मी हसलो तर म्हणतील, शेठ नरम पडला. समोरचे म्हणतील, बघा, कबूल केलं. एक म्हातारी बाई तोंडावर बोलून गेली आणि रतनशेठने काय केलं, हे सगळे बघत बसलेत. मला काहीतरी करायलाच लागतंय."

"मंग कर. माजं जे करायचंय ते कर. पोरीचा फोटू काढायला सांग पयला. घराचा फोटू काढायला सांग. उद्या पेपर हाय तिचा. जाऊ दे तिला."

शेठने विकीकडे बघितलं. विकी तिशीचा, टापटीप, बोलायला अदबशीर. दोन मोबाईल मांडीवर, तिसरा हातात.

"आजी, आपल्या पेजवर काहीच नाहीये," विकी म्हणाला. "आम्ही फक्त पहिल्या दिवशी टाकलेलं की अपमान सहन करणार नाही. एवढंच. पुढचं सगळं बाकीच्यांनी केलं."

"बाकीचे कोन?"

"फॅन पेज. समर्थक. आपली नाहीत ती."

"फोटू तर ह्याचाच हाय सगल्यांचा!"

"फोटो माझा," शेठ म्हणाला. "नाव पण माझं. पण माय, मी त्यातल्या निम्म्यांना ओळखत नाय. काल विकीला सांगून लिहायला लावलं, बाईमाणसाला त्रास देऊ नका. तर काय उत्तर आलं, सांग रे."

विकीने हातातला मोबाईल उलटा ठेवला.

"सांग."

"'शेठवर दबाव आहे, शेठ खरं बोलू शकत नाहीत, आपण बघून घेऊ,'" विकीने वाचल्यासारखं म्हटलं.

खोलीत पंखा फिरत होता. लक्ष्मी शेठच्या तोंडाकडे बघत राहिली. मंगळवारपासून तिने मनात धरलेली ती दोरी आता हळूच सुटून खाली पडली होती, आणि दुसऱ्या टोकाला कुणीच नव्हतं. समोर बसलेला माणूस घाबरलेला होता. तिच्याएवढाच. कदाचित जास्त.

"विकी, बाहेर जा," शेठ एकदम म्हणाला. "सगळे मोबाईल घेऊन जा. तो पण, काठीवरचा. साईनाथ, तू पण जा."

दार लागलं. शेठ उठला आणि तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला. सोन्याची साखळी सदऱ्यात सरकवली.

"माय, उतरणी कर."

"केली हाय रं. मांडवानच केली."

"एकदा केलीस. ते गाणं दिवसात हजारदा वाजतंय. प्रत्येक वेळी गाल मला लागते आणि उतरणी कुठेच नाय." त्याने बंद दाराकडे बघितलं. "शुक्रवारी गाडीचा टायर फुटला, पुलावर. शनिवारपासून आईने अन्न सोडलंय. तिला कुणीतरी ते ऐकवलं. ती विचारते, उतरली का? मी सांगतो, उतरली. तर म्हणते, मग ऐकू का येत नाय? तुला वाटेल शेठ वेडा झाला. पण मला झोप नाय, माय."

क्षणभर लक्ष्मीच्या मनात आलं, नाही म्हणावं. पोर घरात कोंडली आहे, मग हाही राहू दे जागा. पण रखमाबाईने शिकवलेलं पोटात खोल होतं. तिने तांब्यातल्या पाण्यात हात बुडवला, त्याच्या कपाळाला लावला, नाव घेतलं आणि म्हटली. बोलले बोल ते वाऱ्याचे. बंद खोलीत तिचा आवाज लहान झाला होता. शेठचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. आईकडून ऐकलेलं सगळं त्याला पाठ होतं. शेवटची ओळ संपली तेव्हा त्याने तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

"आता तू जा म्होरं आन ह्येच सांग सगल्यांना," लक्ष्मी म्हणाली. "की उतरली. की ह्यो रिवाज हाय. तू सांगितलास तर ऐकतील."

शेठने तिचे हात सोडले.

"ते नाय जमणार," तो म्हणाला, आणि उठून दार उघडलं. "विकी!"

दिव्याचं कडं पुन्हा पेटलं. लक्ष्मीने बघितलं, शेठने सदऱ्यातून साखळी बाहेर काढली आणि साखळीबरोबर चेहराही बदलला.

कागदावर लिहिलं होतं ते तिने खुर्चीत बसून वाचलं. मी लक्ष्मी, माझ्याकडून शेठचा व समाजाचा अपमान झाला, मी अडाणी बाई आहे, कुणाच्या तरी सांगण्यावरून मी असे शब्द वापरले, मला माफ करा.

"कुनाच्या सांगन्यावरून?"

"ते राहू द्या आजी. तेवढं लागतं," विकी म्हणाला.

पहिल्या वेळी विकीने मध्येच थांबवलं. "आजी, गाऊ नका ना. साधं बोला." तिला कळलंही नव्हतं की वाचता वाचता शब्दांना चाल लागली. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "हात जोडा. थोडं खाली बघा." तिसऱ्या वेळी म्हणाला, "छान. रडलात तरी चालेल." ती रडली नाही. दाराशी उभा असलेला साईनाथ मात्र भिंतीकडे तोंड करून उभा होता, आणि त्याची पाठ हलत होती.

"आता थांबल ना?" तिने निघताना विचारलं.

"थांबायला पाहिजे," शेठ म्हणाला.

गुरुवारी सकाळी साईनाथ म्हणाला, मी नेतो. लक्ष्मी म्हणाली, तू नको, तुझं रगात तापतंय. कुणी काही बोललं तर तू हात उचलशील आणि मग त्याचाही व्हिडिओ होईल. मी जाते.

माफीचा व्हिडिओ बुधवारी चार वाजताच सगळीकडे गेला होता. थांबलं मात्र नव्हतं. शेठची माणसं लिहीत होती, माफी मनापासून नाही, डोळे बघा म्हातारीचे. विरोधातली लिहीत होती, बघा, गरीब बाईला कसं दाबलं, आता हिच्या नातीने पुढे येऊन बोललं पाहिजे. दोन्हीकडून बोट अक्षदाकडेच. कुणीतरी तिच्या 'माझ्याकडून अपमान झाला'ला ढोलकी आणि बेंजो लावला होता. लहान पोरं त्यावर हात जोडून नाचत होती.

रिक्षा कल्याणच्या दिशेने निघाली. अक्षदाने तोंडाला ओढणी बांधली होती, फक्त डोळे दिसत होते. मांडीवर पारदर्शक पिशवीत दोन पेनं, हॉलतिकीट. पुलाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या. रिक्षावाल्याने आरशात बघितलं. मग परत बघितलं. त्याच्या हँडलपाशी मोबाईल अडकवलेला होता, रस्त्याचा नकाशा दाखवणारा. त्याने तो काढून हातात घेतला.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही त्याच ना?"

लक्ष्मीने पदर ओढला. स्वतःच्या डोक्यावर नाही, पोरीच्या.

"कोन त्याच?"

"काय नाय." तो पुढे बघू लागला. मोबाईल मात्र परत अडकवला नाही. मांडीवर ठेवला आणि एका हाताने त्यावर काहीतरी लिहीत राहिला. नकाशा बघत असेल. बायकोला लिहीत असेल. लक्ष्मीने त्याच्या सीटच्या पाठीवर रंगवलेलं नाव वाचायचा प्रयत्न केला. तिथे नाव नव्हतं, दोन बदाम होते.

अक्षदाने तिचा हात धरला. लक्ष्मीला उतरणी म्हणावीशी वाटली. पण कुणाच्या नावाने? नाव घ्यायचं, कपाळाला हात लावायचा, असा नेम. ज्यांना तिची गाल लागली होती त्यांना नाव नव्हतं, कपाळ नव्हतं. शेठला उतरवली ती शेठपुरती. बाकीचे बोल तसेच फिरत होते, घराघरातून, खिशाखिशातून, आणि फिरताना तिच्या पोरीचा पत्ता विचारत होते.

कॉलेजच्या फाटकाशी रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने वळून बघितलं नाही; सुटे घेतले आणि थोडं पुढे जाऊन, वडाखाली रिक्षा लावून थांबला. भाड्याची वाट बघत असेल.

फाटकावर गर्दी होती. अक्षदाने ओढणी सोडली, कारण ओढणी बांधून आत घेत नव्हते. मोकळ्या चेहऱ्याने ती आजीकडे वळली तेव्हा ती चार वर्षांची दिसली, बालवाडीच्या दारात उभी असायची तशी. "आजी, मोबाईल आत चालत नाही. तू ठेव."

"बंद कर त्याला."

"वेळ नाहीये गं, बेल झाली." तिने मोबाईल आजीच्या हातात कोंबला आणि धावली. तिच्या बाजूने जाणाऱ्या दोघांनी मान वळवून बघितलं. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. मग ती पायऱ्यांवरच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

तीन तासांचा पेपर. लक्ष्मी फाटकाच्या खांबाला टेकून उभी राहिली. वडाखालची रिक्षा गेली नव्हती. रिक्षाजवळ एक मोटारसायकल येऊन थांबली होती. दोघे जण, वाकून, एकाच मोबाईलमध्ये बघत. मग एकाने मान वर करून फाटकाकडे बघितलं. भाऊ असेल कुणाचा. बहिणीला सोडायला आला असेल.

तिच्या मुठीत अक्षदाचा मोबाईल थरथरला. थांबला. परत थरथरला. तिने तो कमरेच्या चंचीत घातला, वरून पदर खोचला. पोटाशी तो हलत राहिला, गरम, जिवंत असल्यासारखा. काढून बघावं, तर कसं बंद करायचं ते तिला ठाऊक नव्हतं. फेकावा, तर पोर बाहेर आल्यावर काय सांगणार?

तिने एक हात चंचीवर दाबून धरला. दुसरा हात समोरच्या इमारतीकडे उचलला, जिथे कुठल्या तरी मजल्यावर, कुठल्या तरी बाकावर ते एक कपाळ होतं, ज्याचं नाव तिला माहीत होतं. आणि पुटपुटू लागली. चाल न लावता, कुणी ऐकू नये म्हणून, कुणी घेऊ नये म्हणून.

अक्षदा माजी पोराची पोर,
दिस्ट लागू नको तिला.

मोटारसायकलवरच्या मुलाने मोबाईल छातीसमोर उभा धरला होता, तिच्या दिशेने. तिचे ओठ हलायचे थांबले. उचललेला हात तसाच हवेत राहिला. पोटाशी अक्षदाचा मोबाईल पुन्हा थरथरू लागला, आणि आत पेपर सुरू झाल्याची घंटा झाली.